अनोळखी हल्लेखोर आणि अ‍ॅट्रॉसिटी: महाडपासून सणसवाडीपर्यंत

"ते तुम्हाला ओळखतच नव्हते, मग अ‍ॅट्रॉसिटी कशी लागेल?" रस्त्यावर मार खाऊन पोलिस ठाण्यात गेलेल्या आपल्या माणसाला हा प्रश्न हमखास ऐकवला जातो. त्याचं उत्तर कायद्यातच आहे. पण ते समजायला इतिहास माहीत हवा.

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक गावाकडे परतत होते. हे वीरेश्वर मंदिरात घुसणार, अशी अफवा उठवली गेली आणि महाडमध्ये विखुरलेल्या आपल्या लोकांना गाठून सनातन्यांनी मारलं. प्रतिहल्ल्याला निघालेल्या सत्याग्रहींना बाबासाहेबांनी आवरलं. फौजदारी खटला चालला, पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा दुबळेपणा नव्हता, ती लढाईची रीत होती. पण त्या खटल्यातल्या कायद्याला फक्त मारहाण दिसत होती, जात दिसत नव्हती.

ती दिसायला स्वतंत्र भारत उजाडावा लागला. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला, १९७६ मध्ये तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला आणि १९८९ मध्ये अ‍ॅट्रॉसिटी कायदा आला. तरीही पळवाट उरली. गंभीर गुन्ह्यांच्या कलम ३(२)(५) मध्ये गुन्हा जातीच्या 'कारणावरून' झाला हे सिद्ध करावं लागे. आरोपी म्हणे, कारण वेगळंच होतं. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि तिथे 'जात माहीत असताना' असे शब्द आले. शिवाय आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असंच न्यायालय धरून चालतं.

मित्रांनो, खरी गोम इथेच आहे. गावातल्या ओळखीच्या गुंडाला हे गृहीतक लागू होतं, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला नाही. त्याला जात कळली होती, हे आपल्यालाच दाखवावं लागतं.

१ जानेवारी २०१८ आठवा. शौर्यदिनाची दोनशे वर्षं. विजयस्तंभाकडे निघालेल्या लोकांवर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या शिरूर तालुक्यातल्या पट्ट्यात दगड आले, गाड्या जळाल्या. दगड मारणाऱ्याला गाडीतल्या माणसाचं नाव कुठे माहीत होतं? त्याला निळा झेंडा दिसत होता, काचेवरचे बाबासाहेब दिसत होते. ओळख त्यानेच पटवली होती!

म्हणून फिर्यादीत 'अज्ञात इसमांनी मारहाण केली' एवढ्यावर सही करू नका. हल्लेखोर काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायला लावा. जातीवाचक शिवी असेल तर जशीच्या तशी. गाडीवर कोणता झेंडा होता, कोणत्या घोषणेनंतर हल्ला झाला, कोण बघत होतं, हेही आलं पाहिजे. लोकांच्या नजरेसमोर जातीवरून शिवी देणं हा कलम ३(१)(एस) चा गुन्हा आहे, म्हणून साक्षीदार आणि व्हिडिओ जपा.

दौंडहून निघालं की भीमा ओलांडून शिरूर तालुका लागतो. हल्ला शिरूरला झाला आणि तुम्ही जीव वाचवून दौंडला पोचलात, तर दौंडच्या ठाण्यानेही झिरो एफआयआर घ्यायला हवा. 'हद्द आमची नाही' हे उत्तर चालणार नाही. २ जानेवारी २०१८ ची फिर्याद पिंपरीत नोंदली गेली आणि शिक्रापूरकडे वर्ग झाली, हा दाखला पुढे ठेवा. तरीही नकार मिळाला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलिस अधीक्षकांना पाठवा, नंतर न्यायालयात जा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ आहे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो.

हे हक्क कोणी दान दिलेले नाहीत. २० मार्च २०१८ रोजी, नेमक्या महाडच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची वाट खुली केली. २ एप्रिलला देशभर बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ आणलं, १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते वैध ठरवलं. आज गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही.

रस्त्यावर जिंकलेलं कलम ठाण्यातल्या एका ढिल्या वाक्यापायी हरू नका. सही करण्याआधी फिर्याद दोनदा वाचा, प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

जयभीम!