रंगाआधीची भिंत : अजिंठा आणि वेरूळ

न्हाणीघरात टाइल बसवण्यापूर्वी जाणता गवंडी चांगल्या गुळगुळीत गिलाव्यावर छिन्नीने खाचा पाडू लागतो, तेव्हा घरमालकाचा जीव कासावीस होतो. पण गुळगुळीत पृष्ठावर मसाला धरत नाही. ही गोष्ट पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळी, अजिंठ्याच्या कारागिरांनाही ठाऊक होती.

तेथील बेसॉल्टच्या भिंती त्यांनी मुद्दामच खडबडीत ठेवल्या. छिन्नीचे घाव हीच गिलाव्याची पकड. त्यावर माती, खडीचा चुरा, भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू कालवून केलेला जाड थर, मग अधिक बारीक थर, शेवटी चुन्याचा पातळ हात. आणि त्यानंतरच रेखाटन. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. वाळलेल्या भिंतीवर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. म्हणजे रंगाचे आयुष्य सर्वस्वी खालच्या मातीवर अवलंबून.

आणि घात तिथेच झाला. कोंडा व गवत म्हणजे किड्यांना मेजवानीच. खडकाच्या भेगांतून पावसाळी ओल आली, किड्यांनी थर पोखरला, आणि रंग शाबूत असतानाही चित्रे पापुद्र्यांसह गळून पडली.

वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे अंश सापडले. राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये हे संशोधन मांडले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळत नाही. भांगेचे तंतू चिवट, ओल सोसणारे आणि किड्यांना नकोसे. (समाजमाध्यमांवर या बातमीचे विनोदच अधिक झाले!) तरीही सारे श्रेय भांगेला देणे मला घाईचे वाटते, वेरूळची कामे अजिंठ्यानंतरची आहेत, आणि दोन्हीकडची ओल व खडक सारखा असेलच असे नाही.

अजिंठा निजामाच्या राज्यात होता. १९२० च्या सुमारास हैदराबाद सरकारने लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञास साहाय्यकासह पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पुन्हा खडकाला चिकटवला. ते काम मोलाचे होते. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही फासले. ते कालांतराने पिवळे पडले, आणि चित्राला धक्का न लावता ते उतरवण्याचे नाजूक काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले.