नऊ वर्षं पडून राहिलेला कोड

आमच्या टीममध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना आधी एक सरकारी आदेश वाचायला देते. अमेरिकेच्या ‘सेक’ या शेअर बाजार नियामक संस्थेनं ऑक्टोबर 2013 मध्ये नाइट कॅपिटल या कंपनीविरुद्ध काढलेला. बंद केलेला कोड आणि काढून टाकलेला कोड यांत फरक काय, हे मी चार तास बोलूनही जे समजावू शकत नाही, ते त्यात तारीखवार लिहिलंय.

नाइटची ‘स्मार्स’ नावाची प्रणाली ग्राहकांच्या ऑर्डर बाजारात पाठवायची. तिच्यात ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय होती. 2003 मध्ये तिचा वापर थांबला, कोड तसाच राहिला. 2005 मध्ये, किती शेअर घेऊन झाले हे मोजणारा भाग दुसरीकडे हलवला गेला. पॉवर पेग वापरातच नव्हतं, त्यामुळे ते पुन्हा तपासलं गेलं नाही. इथे मी मुलांना थांबवते. त्या दिवसापासून पॉवर पेगला ‘ऑर्डर पूर्ण झाली, आता थांब’ हे कळायचा मार्गच उरला नव्हता, आणि ते कोणाच्या लक्षात येण्याचंही काही कारण नव्हतं.

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना 1 ऑगस्ट 2012 ला सुरू होणार होती. तिच्यासाठी नाइटनं नवा कोड लिहिला आणि तो चालू करायला फ्लॅग, म्हणजे कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण, वापरला तो पॉवर पेगचाच जुना. नवा कोड चढेल, जुना त्याबरोबर जाईल, असा बेत होता. आठ सर्व्हरपैकी सातांवर तसं झालं. आठव्यावर नवा कोड चढलाच नाही आणि दुसऱ्या कोणी ते तपासलं नाही.

त्या दिवशी बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर तोच फ्लॅग पॉवर पेगला जागा करून गेला. ग्राहकांच्या 212 ऑर्डरींवर 45 मिनिटांत 40 लाखांहून जास्त सौदे झाले, 154 कंपन्यांच्या शेअरमध्ये. गोंधळात लोकांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला. आता आठही ठिकाणी जुनाच कोड उरला, आणि नुकसान आणखी वाढलं. एकूण तोटा 46 कोटी डॉलरच्या वर गेला. बाजार उघडण्याआधी प्रणालीनं 97 ईमेल पाठवले होते, त्यांत पॉवर पेगचं नावही होतं. ते इशारे म्हणून बघायची पद्धत तिथे नव्हती.

गंमत म्हणून कोणी फ्लॅग घालत नाही, हेही मी सांगते. आम्ही या धंद्यात आलो तेव्हा प्रत्येक मोठ्या कामाची वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी प्रत, असायची आणि त्या एकत्र जोडायच्या, म्हणजे मर्जच्या, आठवड्यात घरी जेवायला जाणं व्हायचं नाही. फ्लिकरच्या लोकांनी डिसेंबर 2009 मध्ये आपली पद्धत लिहून जाहीर केली: सगळ्यांनी एकाच मुख्य कोडमध्ये काम करायचं, अर्धवट गोष्ट फ्लॅगमागे बंद ठेवायची. 2010 मध्ये मार्टिन फाउलर यांनी त्यावर लिहिलं आणि हे सगळीकडे पसरलं. आमची सुटका झाली, हे मी मनापासून म्हणते. पण घालणं एका ओळीचं काम झालं आणि काढणं कोणाचंच राहिलं नाही. पीट हॉजसन यांनी पुढे फ्लॅगना गोदामातला माल म्हटलं, ठेवायलाही खर्च येणारा. त्यांनी सुचवलेला एक उपाय मला फार आवडतो: फ्लॅगची मुदत उलटली की टेस्टच फेल झाली पाहिजे.

जुने फ्लॅग शोधणं तसं अवघड नाही. सगळ्यांना कित्येक महिने एकच उत्तर मिळतंय, अशांची यादी काढता येते. अडतं पुढे. एका ठिकाणी मी असाच एक फ्लॅग काढायला घेतला. यादीत तो सगळ्यांसाठी चालू दिसत होता, घालणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. कोड वाचताना दिसलं की एका मोठ्या ग्राहकाची सेटिंग वेगळ्या फाइलमधून येते, आणि तिथे तो बंद आहे. यादीला ही फाइल माहीतच नव्हती.

म्हणूनच जुने फ्लॅग काढणारं उबरचं ‘पिरान्हा’ हे साधन मला नीट विचार केलेलं वाटतं. 2020 मध्ये त्यांनी ते खुलं केलं, तोवर त्याच्या मदतीनं सुमारे 2000 जुने फ्लॅग काढले होते. फ्लॅगचं उत्तर कायमचं ‘हो’ धरलं की ‘नाहीतर’ची फांदी जाते आणि अट पुसली जाते. हे सगळं ते साधन करतं, पण बदल थेट मर्ज करत नाही. ज्यानं फ्लॅग घातला त्याच्याकडे तपासायला पाठवतं.

क्रोममध्ये तर ब्राउझरच्या फ्लॅगच्या पानावर नवा फ्लॅग आणायचा तर नोंद करतानाच मालकाचं नाव आणि कितव्या आवृत्तीत तो संपणार हे लिहावं लागतं. कधीच न संपणाऱ्यांची यादी वेगळी असते. आमच्याकडे मी हाच नियम लावलाय: नाव आणि तारीख नसेल तर रिव्ह्यू पुढे जात नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यानं शेवटच्या आठवड्यात लॅपटॉपबरोबर आपले फ्लॅगही कोणाच्या तरी नावावर करून द्यायचे.