फर्माईश : बैठकीतून पोस्टकार्डावर

‘फर्माईश’ हा शब्द मूळचा हुकमाच्या घरातला. फारसीतल्या ‘फर्मान’शी त्याचे सख्खे नाते आहे. फर्मान बादशहा काढी, फर्माईश बैठकीचा धनी करी. वली आणि सिराज या कवींच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हा शब्द कधीच परका नव्हता. मैफलीत ऐकणारे पुष्कळ असत. पण काय गायचे ते सांगण्याचा मान प्रामुख्याने बिदागी देणाऱ्याचा. इतरांनी मान डोलवायची, दाद द्यायची. आपल्या संगीताचा इतिहास आपण घराणी, गायक आणि बंदिशी यांच्या अंगाने लिहीत आलो. ‘मी हे ऐकतो आहे, तुम्हीही ऐका’ असे चारचौघांत सांगण्याचा हक्क साध्या श्रोत्याला कसा मिळाला, याकडे त्या मानाने आपले लक्ष कमी गेले.

या वाटचालीतला पहिला मोठा टप्पा मराठी रंगभूमीचा. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि पुढच्या काळात नाटकगृहात ‘वन्समोअर’ची आरोळी रूढ झाली. तिकीट काढून पिटात बसलेला माणूसही आता नटाकडून पद पुन्हा गाऊन घेऊ लागला. मात्र या हक्काला दोन मर्यादा होत्या. नुकतेच गायलेले पदच पुन्हा मागता येई, मनातले दुसरे नव्हे. आणि आरोळी गर्दीची असे. तिच्यात कोणा एकाचे नाव ऐकू येत नसे.

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर मुद्रित झाला आणि गाणे विकत घेऊन घरी नेण्याचे युग सुरू झाले. तबकडीचा मालक हवे ते गाणे हवे तितक्या वेळा लावू शके. पण ग्रामोफोन घेण्याची ऐपत मोजक्यांची होती, आणि ज्याच्या घरी यंत्र त्याचीच निवड चाले. धनी बदलला, बैठकीची रीत तीच राहिली.

नभोवाणी आली तेव्हाही प्रारंभी निवड केंद्राचीच होती. औरंगाबादचा या इतिहासात वेगळा मान आहे. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानी मुलखात पाच नभोवाणी केंद्रे होती : म्हैसूर, बडोदे, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद. त्यांतली शेवटची दोन निजामाच्या राज्यातली. म्हणजे रेडिओ ही या शहराला मागाहून कळलेली नवलाई नव्हती. पण काय वाजायचे हे ठरत होते वरूनच.

श्रोत्याचे बळ पहिल्यांदा कळले ते एका अडवणुकीतून. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कडवे पुरस्कर्ते आणि चित्रपटगीतांविषयी त्यांना मनस्वी नावड. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, अशी आकाशवाणीची भूमिका होती. त्यावरून निर्मात्यांशी बिनसले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला. लघुलहरींवर रेडिओ सिलोन लागत होते. त्याच वर्षी अखेरीस तेथून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्या भागाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांवर गेला, असे सयानी सांगत. दर बुधवारी रात्री आठला लोक गाणी ऐकत, त्याबरोबर इतरांना कोणती गाणी आवडली हेही ऐकत. गाण्यांची क्रमवारी लावताना तबकड्यांच्या खपाबरोबर श्रोता संघांची पसंतीही धरली जाई. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

यानंतरचा काळ पोस्टकार्डाचा. ‘विविध भारती’वरचे फर्माईशी कार्यक्रम, सैनिकांसाठीची ‘जयमाला’, मुंबई केंद्राची ‘आपली आवड’ यांनी एक सार्वजनिक रीत घडवली. गाण्याचे नाव, मग चित्रपटाचे, मग मागणाऱ्यांची नावे आणि शेवटी गाव. निवेदक एकाच गाण्यासाठी अनेक गावांतली नावे एकापाठोपाठ वाचत. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीचे गाणे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे. त्यापुढे ही नामावळ लांबलचक वाटे आणि तिची थट्टाही होई. झारखंडातले झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव तर केवळ या नामावळीमुळे देशभर ठाऊक झाले.

गाण्याची आवड कमी आणि नावाची हौस जास्त, असा आक्षेप या श्रोत्यांवर घेता येईल. तो पूर्ण खोटाही नाही. पण जे गाणे तसेही दिवसातून दोनदा वाजणार, ते मागायला पोस्टकार्ड कशाला खर्चायचे, याचे उत्तरही त्यातच आहे. मागणे हे निमित्त होते. मुख्य गोष्ट सांगण्याची होती. तालुक्याबाहेर ज्याला कोणी ओळखत नव्हते अशा माणसाने आपली आवड देशापुढे मांडली होती. एका कार्डावर भावंडे, मित्र, शेजारी यांची नावे येत. वर्तमानपत्रात नाव छापून यायला कर्तृत्व लागे, नाहीतर अपघात. येथे एक गाणे आवडणे पुरेसे होते. बैठकीच्या धन्याचा हक्क आता गाव-पत्त्यासह, पोस्टाच्या पेटीतून, कोणालाही बजावता येत होता. रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागे आणि त्याची फी पोस्टातच भरावी लागे. ऐकण्याची परवानगी आणि आवडीचा उच्चार, दोन्हींचा रस्ता पोस्टातूनच जात होता.

या इतिहासाची साधने मात्र फार नाजूक आहेत. तबकड्या जपणारे लोक आहेत. १९९० मध्ये मुंबईत तबकडी-संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्थाही उभी राहिली. गायलेले असे जपले जाते. ऐकणाऱ्याचे पोस्टकार्ड वाचून झाले की त्याचे काम संपे. पुढे फोनवरच्या फर्माइशी आल्या, आणि आता मोबाइलमधले यंत्र आपल्या आवडीचा अंदाज बांधून पुढचे गाणे परस्पर लावते. आवडीची नोंद आजही होते, किंबहुना अधिक बारकाईने होते. पण ती कंपनीच्या खात्यात. मधल्या आळीतल्या कोणाला काय आवडते, हे शेजाऱ्याला त्यातून कळत नाही.

जालना रस्त्यावरचा आकाशवाणी चौक हा संभाजीनगरकरांचा रोजचा पत्ता आहे. त्या नावामागचा श्रोता शोधायचा, तर घरोघरच्या ट्रंका उघडाव्या लागतील : परवान्यांची पुस्तके, श्रोता संघांची पत्रे, गाण्यांच्या तारखा टिपलेल्या वह्या. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम मौखिक इतिहास म्हणून हाती घ्यावे. १९५७ मध्ये विशीत असलेला श्रोता आज नव्वदीच्या घरात आहे. त्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत : कार्डावर कोणाकोणाची नावे घातली होती, कोणाचे नाव मुद्दाम वगळले, आणि नाव वाचले गेले तेव्हा घरात कोण कोण होते?