साडेत्रेसष्ट अंशांचा वारा

१८९७ चा जानेवारी. तुम्ही मुंबईच्या मांडवीत आहात. भिंतीला टेकू नका, चुना ओला आहे. छपराची कौलं काढून ठेवलीत. ऊन आत शिरलं की रोग मरेल, असा सरकारी हिशेब. गेल्या सप्टेंबरात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी इथेच प्लेग ओळखला. तेव्हापासून लाखो माणसं गावी पळालीत.

नाकाला रुमाल लावा आणि दोन घरांमधल्या फटीत डोकावा. ही घरगल्ली. माणूस तिरका होऊनच आत शिरेल. खरकटं, न्हाणीचं पाणी, संडासाची घाण, सगळं वरून इथेच पडतं आणि ते उपसायला हलालखोर याच फटीतून येतो. आतल्या खोल्यांची एकुलती खिडकी इकडेच उघडते. म्हणजे खरं तर उघडत नाहीच. कोण उघडेल?

आता पंधराएक वर्षं पुढे या. प्रिन्सेस स्ट्रीटवर समुद्राकडे पाठ करून उभे राहा. पाठीवर जो वारा लागतोय, तो आत यावा म्हणूनच सुधार ट्रस्टने भरवस्ती चिरून हा रस्ता काढला. ट्रस्ट १८९८ चा, प्लेगच्या पोटी जन्मलेला. त्याचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन धरून ठेवलाय: समोरची भिंत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी हवी, तरच तळमजल्याच्या खोलीला आकाश दिसतं. महामारीतून एवढं सरळ गणित निघालं, हे मला फार मोठं वाटतं.

आता याच ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याला चला. पाच उद्यानं, रुंद रस्ते, झाडं. मांडवीचं बिऱ्हाड मात्र शोधू नका, सापडणार नाही. ट्रस्टने घरं आधी पाडली, चाळी मागाहून आणि अपुऱ्या बांधल्या. उठवलेली माणसं शेजारच्याच दाटीत घुसली. बाग झाली ती भाडं परवडणाऱ्यांची.

आणखी एक उडी: गोवंडी, नटवर पारेख कंपाउंड. प्रकल्पांमुळे उठवलेल्यांच्या सात-आठ मजली इमारती, मधे जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यावर भरदुपारी ट्यूबलाइट जळतेय. इथे क्षयरोग जास्त का, याचा अभ्यास २०१८ मध्ये झाला. खालच्या मजल्यांवर उजेड-वारा नाही, तिथेच रुग्ण अधिक. त्यानंतर दोनच वर्षांनी करोना आला आणि याच खोल्यांत सगळ्यांना ‘घरीच राहा’ सांगितलं गेलं.

इमारत वीस मीटरची धरा. ऑरच्या हिशेबाने मधे दहा मीटर हवेत. शंभर वर्षांपूर्वी मुंबईला जे गणित येत होतं, ते पुनर्वसनाच्या नियमांत सवलत देऊन सोडून दिलं गेलं. समुद्रासमोरचे पदपथ सुशोभित करणाऱ्यांनी आधी इथले उरलेले सात मीटर कसे भरून काढणार, ते सांगावं.