वैयक्तिक निवेदन, व्यवसायोपचार प्रवेशासाठीचे

व्यवसायोपचार म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मागताना उमेदवाराने अर्जासोबत द्यावयाचा आत्मपर निबंध. ‘पर्सनल स्टेटमेंट’ या नावाने तो रूढ आहे. अमेरिका व ब्रिटनमधील प्रवेशप्रक्रियेत गुणपत्रक आणि शिफारशींच्या जोडीने त्याचा विचार होतो. अभ्यासातली गती गुणपत्रकावरून कळते. उमेदवार माणसाकडे आणि त्याच्या अडचणीकडे कसा पाहतो, हे मात्र निवेदनावरून जोखले जाते.

पार्श्वभूमी : आजार, इजा, जन्मजात दोष किंवा वार्धक्य यांमुळे आंघोळ, कपडे घालणे, स्वयंपाक, लेखन, नोकरी, खेळ अशी कामे अडतात. ती पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार, सराव, साधने व परिसरातील बदल हे व्यवसायोपचाराचे क्षेत्र होय. अमेरिकेत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १५ मार्च १९१७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ होते, तर जॉर्ज एडवर्ड बार्टन आणि टॉमस किडनर हे वास्तुविशारद होते. एलिनॉर क्लार्क स्लॅगल या समाजकार्यातून, तर सुझन कॉक्स जॉन्सन या हस्तकलेच्या अध्यापनातून आलेल्या. भिन्न क्षेत्रांतून या व्यवसायात येण्याची ही रीत आजही टिकून आहे. २००७ पासून अमेरिकेत व्यवसायप्रवेशासाठी पदव्युत्तर शिक्षण आवश्यक झाले. त्यामुळे अर्जदार मानसशास्त्र, जीवशास्त्र, क्रीडाविज्ञान अशा एखाद्या विषयाचा पदवीधर असतो. तिथून तो इकडे का वळला, हा प्रश्न म्हणूनच निवेदनाच्या केंद्रस्थानी येतो.

स्वरूप व मर्यादा : अमेरिकेतील अनेक संस्थांचे अर्ज ‘ओटीकॅस’ या केंद्रीय सेवेमार्फत जातात. हे क्षेत्र का निवडले, या पदवीचा नजीकच्या व दूरच्या उद्दिष्टांशी काय संबंध आहे आणि आजवरचे शिक्षण व अनुभव त्यासाठी कसे उपयोगी पडतील, याची उत्तरे तेथील निवेदनात अपेक्षित असतात. मर्यादा मोकळ्या जागांसह ७,५०० अक्षरचिन्हांची, म्हणजे इंग्रजीत सुमारे ११०० ते १२०० शब्दांची आहे. एकच निवेदन निवडलेल्या सर्व संस्थांकडे जाते. त्यामुळे त्यात एखाद्या विशिष्ट विद्यापीठाचे नाव घेत नाहीत. तसे लेखन काही संस्था स्वतंत्र पुरवणी प्रश्नांतून मागवतात. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाचे अर्ज ‘यूकॅस’मार्फत होतात. तेथील मर्यादा ४,००० अक्षरचिन्हांची आहे. २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : हा विषय का, शिक्षणाने कोणती तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर कोणती तयारी केली. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरचिन्हांचे असावे लागते.

आशय : निवेदनाचा कस प्रत्यक्ष निरीक्षणाच्या वर्णनात लागतो. अनेक अमेरिकी संस्था प्रवेशापूर्वी थेरपिस्टसोबत राहून काम पाहण्याचे ठरावीक तास मागतात. केवळ तासांची बेरीज सांगितली, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. उदाहरणार्थ, खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला काही काळ कमरेतून फार वाकण्याची मनाई केली जाते. ‘थेरपिस्टने त्यांना खूप धीर दिला’ हे वाक्य कोणत्याही आरोग्यसेवकाला लागू पडते. त्याऐवजी, रुग्णाला स्वतःचे मोजे स्वतः घालायचे होते, थेरपिस्टने मोजे चढवण्याचे दोरीचे साधन वापरायला शिकवले, पण बोटांतल्या संधिवातामुळे दोरी घट्ट धरता येईना, तेव्हा तिला जाड मूठ बसवली, असे लिहिल्यास उमेदवाराची समज दिसते. यात व्यक्ती, कृती, अडथळा आणि उपाय यांची सांगड आहे. व्यवसायोपचारातील विचारप्रक्रिया नेमकी हीच आहे.

पूर्वानुभव वैद्यकीयच असावा लागत नाही. शिंपीकाम, नाट्यप्रशिक्षण, हॉटेलातील स्वयंपाकघर किंवा आजीची शुश्रूषा यांतूनही काम टप्प्याटप्प्यांत मोडून पाहण्याची सवय दाखवता येते. उद्दिष्टे सांगताना बालविकास, हातांचे पुनर्वसन, मानसिक आरोग्य अशा एखाद्या शाखेतील रस अनुभवाशी जोडून मांडतात. मात्र शिक्षणाआधीच वाट पक्की ठरल्याचा आव आणणे टाळतात.

नेहमीचे दोष : ‘मला लोकांना मदत करायची आहे’ एवढ्यावर थांबणे हा सर्वांत जास्त आढळणारा दोष होय, कारण हेच वाक्य परिचर्येचा किंवा फिजिओथेरपीचा उमेदवारही लिहू शकतो. रुग्णाची कीव करणे, कुटुंबातील आजाराचे लांबलचक वर्णन करून स्वतःच्या शिकण्याला दोनच ओळी देणे, व्यवसायाची पाठ्यपुस्तकी व्याख्या उतरवणे आणि अर्जात अन्यत्र नोंदवलेल्या उपक्रमांची पुन्हा जंत्री देणे हे इतर दोष. कमी गुणांचा खुलासा करायचाच झाल्यास तो थोडक्यात, पुढे काय सुधारले त्यासह करतात. रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील देणे हा गोपनीयतेचा भंग ठरतो. निवेदन उमेदवाराचे स्वतःचे असावे लागते. यूकॅस अर्जांतील साम्य तपासते.

भारतातील स्थिती : अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. अखिल भारतीय संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात या विषयाच्या पदवीचा प्रवेश नीट परीक्षेतील गुणवत्ता व केंद्रीय फेऱ्यांनुसार होतो. त्यात निवेदन लिहावे लागत नाही. येथील पदवीधराला त्याची गाठ बहुधा परदेशी उच्चशिक्षणाचा अर्ज भरतानाच पडते. तोवर त्याने इंटर्नशिपमध्ये रुग्ण हाताळलेले असतात. त्यामुळे ‘हे क्षेत्र का’ यापेक्षा, कामात कोणत्या प्रश्नापाशी आपले ज्ञान अपुरे पडले आणि पुढील अभ्यासक्रमातून त्यावर काय मिळवायचे आहे, याला त्याच्या निवेदनात अधिक जागा द्यावी लागते. भारतीय रुग्णालयातील कामाचे संदर्भ परदेशी वाचकाला ठाऊक नसतात. जमिनीवर बसून जेवणे, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे यांसारख्या कृतींसाठी केलेले उपचार तेथे एक-दोन वाक्यांत समजावून सांगावे लागतात. तसे केल्यास तोच अनुभव इतर अर्जदारांहून वेगळे निरीक्षण म्हणून मांडता येतो.