सुवर्णमध्याचं वैद्यकी कूळ

दोन बाजू हटून बसल्या की तिसरा कोणीतरी ‘सुवर्णमध्य काढा’ म्हणतो. ही कल्पना ॲरिस्टॉटलची, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं: भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्यामध्ये शौर्य, कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्यामध्ये औदार्य. पण त्याला ती मिळाली कुठे? माझं ठाम मत आहे की वैद्यांकडे.

हिपोक्रॅटीसच्या नावावर जमा झालेल्या ग्रंथांत ‘प्राचीन वैद्यक’ हे एक छोटंसं प्रकरण आहे. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीचं, कर्ता अज्ञात. तो म्हणतो, कच्चं अन्न सोसेना म्हणून माणूस दळायला, भाजायला शिकला. धडधाकट माणसाचं जेवण आजाऱ्याला सोसेना, त्यातून वैद्यक जन्मलं. अति खाणं बाधतं, तसं फार कमी खाणंही. मग नेमकं किती? नवव्या भागात उत्तर येतं: माप साधायचं खरं, पण त्याला ना आकडा ना वजन, शरीराला काय जाणवतं हाच निकष. आणि लगेच तो वाईट वैद्याची तुलना वाईट सुकाणूवाल्याशी करतो. समुद्र शांत असेतो त्याच्या चुका झाकलेल्या राहतात.

आता ॲरिस्टॉटलचं ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ उघडा. नीतीत काटेकोर नियम का बांधता येत नाहीत हे सांगताना त्याला आठवतात दोनच विद्या: वैद्यक आणि नौकानयन. पाठोपाठ येतात व्यायाम आणि खाणंपिणं, दोन्हींत अति तेही घातक, उणं तेही. आणि माणूस मध्यापासून किती ढळला म्हणजे दोषी, याचा निवाडा तो जाणिवेवर सोपवतो. वैद्य, सुकाणू, जाणीव हे त्रिकूट दोन्हीकडे आपोआप जुळलं असेल, हे मला पटत नाही. त्यात ॲरिस्टॉटलचे वडील निकोमाखस हे मॅसिडोनियाचा राजा अमिंतास याचे वैद्य.

प्रतिपक्ष कमी नाहीत. डेल्फीच्या देवळावर ‘अति नको’ कोरलेलं होतं. पण तिथे माप ठरवायचं कसं, हे नाही. शिल्पकार पॉलिक्लीटसनं आपल्या ग्रंथात देहाची प्रमाणं मांडली, आणि उत्तम कृतीत भर घालायला किंवा काढायला जागा नसते हे ॲरिस्टॉटलही म्हणतो. पण त्या शिल्पकाराचं माप संख्येचं, आणि संख्येलाच ॲरिस्टॉटल नकार देतो. दहा मिना वजनाचं अन्न जास्त आणि दोन मिना कमी, म्हणून तालीम देणारा सरसकट सहा सांगणार नाही. मिलो पहिलवानाला ते थोडं, नवशिक्याला फार. आपल्या ‘सुवर्णमध्या’तली अर्धी-अर्धी वाटणी इथेच बाद होते. खरा प्रतिस्पर्धी प्लेटो. त्याच्या ‘राजकारणी’ या संवादात उचित प्रमाणाचं मापन आहे, वैद्य-सुकाणूवाल्याची जोडीही आहे, आणि ॲरिस्टॉटल त्याच्या अकादमीत वीस वर्षं होता. येगर या जर्मन विद्वानानं १९५७ साली ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राला वैद्यकाचा नमुना कसा होता हे दाखवलं. मी आणखी पुढे जाईन: प्लेटोनंही ही जोडी वैद्यांकडूनच उचलली असावी. ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रात ‘प्राचीन वैद्यक’चं नाव घेत नाही, हे खरं. पण घरातल्या विद्येचा उल्लेख कोण करतो!

जीवनाच्या हेतूबद्दलचा त्याचा युक्तिवादही याच वाटेनं समजतो. सुताराला काम आहे, चांभाराला आहे. डोळा, हात, पाय प्रत्येकाचं काम आहे. मग अख्ख्या माणसाचंच नसेल का? अवयव मोजत येणारा हा प्रश्न वैद्याच्या मुलाचा आहे. उत्तरही तसंच: विवेकानं, सद्गुणांनी, पुरं आयुष्यभर चालणारी कृती. आणि बरं करायचं की नाही याचा खल वैद्य करत नाही, कसं करायचं याचा करतो, असं तो पुढे म्हणतो. साध्य ठरलेलं असतं.

‘सुवर्ण’ मात्र त्याचं नव्हे. ते जोडलं रोमन कवी होरेसनं, इसवीसनापूर्वी २३च्या सुमारास. त्या कवितेची सुरुवात खोल समुद्रात फार आत जाऊ नये आणि वादळाच्या भीतीनं किनाऱ्यालाही चिकटू नये, या सल्ल्यानं होते. सुकाणूवाला टिकला, वैद्य तोवर गळून पडला होता.