माजघरापर्यंत कोणी यावे?

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे. ओसरीपर्यंत कोणीही यावे, माजघरात घरच्यांनी, आणि कोठीची किल्ली एकाच्याच कनवटीला, ही जुन्या वाड्यांची रीत. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये अशी रीत यायला मात्र बराच काळ जावा लागला.

माहिती आणि तिच्यावर चालणारे काम एकाच 'क्लास'मध्ये बांधण्याची कल्पना ओस्लोच्या डाल आणि न्यूगोर यांनी १९६७ मध्ये सिम्युला भाषेत मांडली. घर झाले, पण दारांना कड्या नव्हत्या. बघा ना, बँकखात्याचा क्लास असेल, तर पैसे न भरताच बाहेरून शिल्लक वाढवता येई! सिम्युलाला कड्या बसल्या त्या १९७० च्या दशकात.

कडी का हवी, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये दाखवले, तेही एका शब्दसूचीच्या उदाहरणावरून. मराठी विश्वकोश जिथे घडला त्या वाईत सूचीचे काम म्हणजे काय, हे सांगायला नको. सूची करणाऱ्या प्रत्येक भागाला ओळी कशा साठवल्या आहेत हे ठाऊक असेल, तर साठवण बदलताच सगळेच भाग पुन्हा लिहावे लागतात. म्हणून जो निर्णय उद्या बदलण्यासारखा आहे, तो एकाच भागाच्या पोटात ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. मला या इतिहासातला हाच खरा शोध वाटतो. बाकी सारी कुलूप-किल्ल्यांची कारागिरी.

१९७९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये स्ट्रॉउस्ट्रुप यांनी सी भाषेला क्लास जोडायला घेतले. त्यातून सी प्लस प्लस आली. 'पब्लिक' म्हणजे ओसरी, 'प्रायव्हेट' म्हणजे कोठी. पुढे मार्क लिंटन यांच्या आग्रहावरून 'प्रोटेक्टेड' हे माजघर आले. मूळ क्लासपासून निघालेल्या लेकी-नातवंडांना तिथे मोकळीक. गंमत अशी, की साधारण पाच वर्षांनी त्याच लिंटननी आपल्या प्रकल्पात माहिती 'प्रोटेक्टेड' ठेवायला बंदी केली. गोतावळा वाढला, की कोण काय हलवून गेले याचा पत्ता लागत नाही, आणि चुका निघत राहतात.

'प्रायव्हेट' लिहिले म्हणजे माहिती चोरांपासून सुरक्षित झाली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ही कडी चुकून आत शिरणाऱ्यासाठी, दरोडेखोरासाठी नव्हे, हे स्ट्रॉउस्ट्रुप यांनीच स्पष्ट केले आहे. कंपायलर दारात हटकतो, इतकेच. मेमरीतला पत्ता धरून मुद्दाम घुसणाऱ्याला सी प्लस प्लस अडवत नाही. पायथॉनमध्ये तर बहुधा नावाआधी नुसती एक रेघ असते, आणि ती पाहून शहाण्याने बाहेरच थांबायचे असते.